इतिहासाच्या शिक्षकाला पुरस्कार कशासाठी द्यायचा?

सप्टेंबर महिन्यात आपल्याकडे दोन समारंभ असतात. ५ तारखेला शिक्षक दिन आणि १७ तारखेला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. मधे अंतर जेमतेम बारा दिवसांचं. पहिल्या दिवशी आपण शिक्षकांना शाल-श्रीफळ देतो, दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडावंदन करून हुतात्म्यांना अभिवादन करतो. पण १७ सप्टेंबरला नेमकं काय घडलं, हे नांदेड-लातूरकडच्या पोरापोरींना सांगतं कोण? शाळेतला इतिहासाचा शिक्षक. आणि तो ते कसं सांगतो, याची दखल ५ सप्टेंबरला कोण घेतं? आजचं आपलं बोलणं या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी सध्या काय आहे ते बघू. केंद्र सरकारचे राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून दिले जातात. २०१८ मध्ये त्यांची पद्धत बदलली. आता शिक्षक स्वतःच ऑनलाइन अर्ज करतो, मग जिल्हा, राज्य आणि देश अशा तीन पातळ्यांवर निवड होते. आपल्या राज्याचा पुरस्कार सावित्रीबाईंच्या नावानं आहे. त्यात प्राथमिक, माध्यमिक, आदिवासी भागातले शिक्षक, कला-क्रीडा शिक्षक असे गट आहेत. जिल्हा परिषदांचे, रोटरी-लायन्सचे, संस्थांचे पुरस्कार वेगळेच. म्हणजे पुरस्कारांचा तुटवडा नाही. पण यात 'इतिहास' म्हणून वेगळा गट नाही. गणिताचा शिक्षक, इतिहासाचा शिक्षक, सगळे एकाच तराजूत. आणि त्या तराजूत काय पडतं? निकालाची टक्केवारी, राबवलेले उपक्रम, फोटो, प्रमाणपत्रं, वृत्तपत्रांतली कात्रणं. थोडक्यात, फाइल. ज्याची फाइल जाड, तो पुढे.

आता ही फाइल इतिहासाच्या शिक्षकाला कशी मारक ठरते ते बघा. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा. लातूरचं नाव तर देशभर झालं ते बारावी-विज्ञान आणि मेडिकल-इंजिनिअरिंगच्या निकालांनी. त्या पॅटर्नबद्दल आम्हाला अभिमान आहेच. पण जिथे सगळ्यांची नजर भौतिक-रसायन-जीवशास्त्रावर खिळलेली असते, तिथे इतिहास म्हणजे 'शेवटच्या महिन्यात पाठ करून टाकू' असा विषय होतो. अशा ठिकाणी निकाल बघून इतिहासाचा चांगला शिक्षक सापडणार नाही. नोट्स लिहून देणाऱ्याचा आणि पोरांना विचार करायला लावणाऱ्याचा निकाल एकसारखाच लागतो. कधी कधी नोट्सवाल्याचाच जास्त.

मग दुसरीकडे लोक काय करतात? अमेरिकेत केवळ इतिहासाच्या शिक्षकांसाठी पुरस्कार आहेत. १८९० मध्ये स्थापन झालेली 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' ही तिथल्या स्वातंत्र्ययुद्धात भाग घेतलेल्यांच्या वंशज स्त्रियांची संघटना. ती अमेरिकन इतिहासाच्या उत्कृष्ट शिक्षकाला सन्मानित करते. स्थानिक शाखा नाव सुचवते, ते राज्यपातळीवर जातं, तिथून देशपातळीवर. दुसरा पुरस्कार गिल्डर लेहरमन इन्स्टिट्यूट या संस्थेचा. तो २००४ पासून दिला जातो. प्रत्येक राज्यातून एक शिक्षक निवडतात आणि त्यांच्यातून देशाचा एक. देशपातळीवरच्या शिक्षकाला दहा हजार डॉलर मिळतात, पण आपल्या कामाची गोष्ट रकमेत नाही, निकषात आहे. शिक्षक वर्गात मूळ कागदपत्रं, जुन्या वस्तू, ऐतिहासिक स्थळं यांचा वापर कसा करतो, हे तिथे मुद्दाम बघितलं जातं. नाव सुचवायला विद्यार्थी, पालक, सहकारी कुणीही चालतं. अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं नाही. गुलामगिरी आणि वंशभेद वर्गात कसे शिकवायचे यावर अनेक राज्यांनी २०२१ पासून कायद्यानं बंधनं घातली आहेत. म्हणजे इतिहासाच्या शिक्षकावर दडपण तिथेही आहे. पण 'पुराव्याशी कसं वागतोस?' हा प्रश्न त्यांनी पुरस्काराच्या मध्यभागी ठेवला. तेवढा आपण उचलायला हरकत नाही.

आता तो प्रश्न आपल्या मातीत लावून बघू.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. नांदेडला, लातूरला, उदगीरला मात्र त्यानंतर एक वर्ष, एक महिना आणि दोन दिवस थांबावं लागलं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. लष्करी मोहिमेचं नाव 'ऑपरेशन पोलो'. पण आपल्याकडे म्हातारी माणसं अजून 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. चांगला शिक्षक इथेच थांबतो आणि विचारतो, रणगाडे आणि फौज आली होती, तर मग 'पोलीस' का म्हणायचं? या एका प्रश्नातून पोरं थेट सार्वभौमत्व, संयुक्त राष्ट्रसंघ आणि देशांतर्गत कारवाई म्हणजे काय, इथपर्यंत पोचतात. पाठ्यपुस्तकात आठवीला हा भाग आहे. पण हा प्रश्न पुस्तक विचारत नाही, तो शिक्षकानं विचारायचा असतो.

नकाशाचंही तसंच. तेव्हा लातूर नावाचा जिल्हाच नव्हता, तो १९८२ मध्ये उस्मानाबादेतून निघाला. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तर बिदर जिल्ह्यात होते, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते इकडे आले. उदगीरच्या पोरीला जुन्या नकाशावर आपला तालुका बिदरमध्ये सापडला, की 'आपण कोण?' या प्रश्नाचं उत्तर किती वेळा बदललंय, हे तिला न सांगता कळतं.

आता जरा अवघड भागाकडे येऊ. कारण खरी परीक्षा इथे आहे.

रझाकारांच्या अत्याचारांच्या आठवणी आपल्याकडे गावोगाव आहेत. बिलोली तालुक्यात अर्जापूरला १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. आज तिथल्या कॉलेजला त्यांचं नाव आहे. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा कुठून लांबून आलेला नव्हता, तो लातूरला वकिली करत होता. हे पोरांना सांगायलाच पाहिजे. पण त्याच वेळी हेही सांगायला पाहिजे, की हैदराबादेत 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबउल्ला खान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू मांडली, म्हणून रझाकारांनी ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून केला. आणि याच्याही पुढची गोष्ट. कारवाईनंतरच्या दिवसांत संस्थानातल्या अनेक गावांत मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या समितीला चौकशीसाठी पाठवलं. मेलेल्यांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावा, असा त्या समितीचा अंदाज होता आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड होते. हा अहवाल सरकारनं कित्येक दशकं प्रसिद्ध केला नाही.

आता विचार करा. नांदेडच्या किंवा उदगीरच्या एका वर्गात दोन्हीकडच्या घरांतली लेकरं शेजारी शेजारी बसलेली असतात. एकाच्या पणजोबाला रझाकारांनी मारलं, दुसऱ्याच्या पणजोबाला सप्टेंबरनंतर. दोघांनी घरी आपापली गोष्ट ऐकलेली असते. शिक्षकानं एकच गोष्ट सांगितली, तर अर्धा वर्ग मान वर करून बसेल आणि अर्धा खाली घालून. दोन्ही टाळल्या, तर ती पोरं इतिहास मोबाइलवर शिकतील. तिथे तर चाळीस सेकंदांत निकाल लागतो. दोन्ही गोष्टी पुराव्यानिशी, मोजक्या शब्दांत, कुणाचा अपमान न करता सांगणं आणि मग 'हे आपल्याला कशावरून माहीत?' असं विचारणं, हे काम जो करतो तो इतिहासाचा शिक्षक. असं शिकवणाऱ्याला सहसा पुरस्कार मिळत नाही, उलट मुख्याध्यापकांच्या टेबलावर तक्रार येते. म्हणून आपलं म्हणणं असं, की इतिहासाच्या शिक्षकाचा पुरस्कार ही शोभेची वस्तू नको. ती ढाल असायला हवी. उद्या कुणी शाळेत येऊन 'हे कशाला शिकवता?' म्हणालं, तर गावानं म्हणावं, 'याचसाठी तर आम्ही सरांचा सत्कार केला.'

वेळही फार उरलेला नाही. १९४८ मध्ये जे पंधरा वर्षांचे होते, त्यांनी आता नव्वदी ओलांडली. पाहिलेलं सांगणारी शेवटची माणसं आज आपल्या वाड्या-वस्त्यांत आहेत. दहा वर्षांनी नसतील. आठवीच्या पोरांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवायचं, चार साधे प्रश्न शिकवून पाठवायचं, आणि परत आल्यावर दोन आज्यांच्या सांगण्यात फरक का पडला यावर वर्गात बोलायचं. याला निधी लागत नाही. शिक्षक लागतो.

कागदांचं महत्त्व तर अलीकडे अख्ख्या मराठवाड्याला कळलंय. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तहसीलमधले जुने दप्तर उघडले गेले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसाला एकाएकी किंमत आली. आरक्षणाच्या वादात इथे शिरायचं नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्या आजोबांच्या जमिनीचा, जातीचा, गावाचा कागद आपल्याच घरात कुणाला वाचता येत नव्हता. कारण निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती, आणि ती वाचणारी पिढी गेली. आणि या निलंग्यातच १९१० साली सेतुमाधवराव पगडी जन्मले. फारसी-उर्दू साधनं मराठीत आणण्यात त्यांनी आयुष्य घातलं. वर्गात मोडीचं एक पान भिंतीवर लावणारा शिक्षक आज दुर्मीळ आहे. तो कुठे असेल तर शोधून काढला पाहिजे.

आणि असं समजू नका की आपल्याकडे ही परंपरा नाही. स्वामी रामानंद तीर्थ मुक्तिसंग्रामाचे नेते झाले, त्याआधी ते शिक्षक होते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, मग अंबाजोगाईला योगेश्वरीत. नांदेडचं विद्यापीठ त्यांच्याच नावानं १९९४ मध्ये, १७ सप्टेंबरलाच, सुरू झालं. नरहर कुरुंदकर पीपल्स कॉलेजात शिकवायचे मराठी, पुढे तिथेच प्राचार्य झाले. पण शिवाजी महाराजांपासून हैदराबादच्या प्रश्नापर्यंत इतिहासाकडे कसं बघायचं, हे त्यांनी महाराष्ट्राला शिकवलं. पुरस्काराच्या अर्जात 'विषय : मराठी' एवढंच दिसलं असतं. यातून घ्यायचा धडा असा, की आपल्या पुरस्कारानं विषयाचा शिक्का बघू नये, काम बघावं.

तर मग हा पुरस्कार कसा असावा? मोठ्या सरकारी योजनेची वाट बघायची गरज नाही. नांदेडमधली एखादी शिक्षणसंस्था, लातूरमधला एखादा माजी विद्यार्थी संघ हे सुरू करू शकतो. आपण चार गोष्टी सुचवतो.

पहिली, शिक्षकानं स्वतः अर्ज करायचा नाही. नाव माजी विद्यार्थ्यांनी सुचवायचं, तेही शाळा सोडून किमान पाच वर्षं झालेल्यांनी. शिकवलेलं मुरलं की नाही, ते तोवर कळतं.

दुसरी, फाइल मागायची नाही. निवड समितीनं तीन गोष्टी बघायच्या. शिक्षकानं स्वतः काढलेली एक प्रश्नपत्रिका, वर्गातल्या कुठल्याही पाच पोरांच्या वह्या आणि प्रत्यक्ष एक तास. वह्यांमध्ये पाचही उत्तरं शब्दशः सारखी असली, की समितीनं समजून जायचं.

तिसरी, भाषणं, मिरवणुका, वेशभूषा स्पर्धा यांना गुण नाहीत. त्या चांगल्याच आहेत, पण तो सांस्कृतिक कार्यक्रम झाला. गुण एकाच गोष्टीला, 'कशावरून?' हा प्रश्न पोरं विचारायला लागली का? दहावीचं सध्याचं पाठ्यपुस्तक सुरू होतं तेच मुळी इतिहास कसा लिहिला जातो, या विषयापासून. पुस्तकानं दार उघडून ठेवलंय, आत जायचं काम गाइड करणार नाही.

चौथी, बक्षीस कामाला येईल असं द्यायचं. शाल दहा मिळतात. त्याऐवजी शाळेच्या वाचनालयाला पुस्तकं, कंधार-उदगीरच्या किल्ल्यांवर वर्ग नेण्याचा खर्च, आणि शिक्षकाला आठवडाभर हैदराबादच्या अभिलेखागारात बसण्याची सोय. आपल्या जिल्ह्यांचे जुने कागद बघायला शेवटी तिकडेच जावं लागतं. तिथून तो दहा कागदांच्या नकला घेऊन आला, तर पुढची वीस वर्षं त्या वर्गात वापरल्या जातील.

यातलं काहीच महाग नाही. अवघड आहे ते एवढंच, की न आवडणारी गोष्ट पुराव्यानिशी शिकवणाऱ्या माणसाच्या मागे गावानं उभं राहायचं.

जाता जाता एक विनंती. आज ऐकणाऱ्या प्रत्येकानं आठवून बघावं, आपल्या शाळेत 'कशावरून?' विचारायला शिकवणारं कुणी होतं का? असेल तर त्यांना एक फोन करा, आणि ते का आठवले तेही सांगा. यादी तिथूनच सुरू होईल.