तंबोऱ्याची तार आणि तारेखालचा दोरा

तंबोऱ्याच्या चार तारा घोडीवरून जातात आणि घोडीवर प्रत्येक तारेखाली सुती किंवा रेशमी दोऱ्याचा एक लहानसा तुकडा असतो. लांबून तो दिसतही नाही. ज्यांना दिसतो त्यांच्यापैकी अनेकांना वाटते, की तार घोडीला घासू नये किंवा आवाज मऊ यावा म्हणून तो घातलेला असावा. वस्तुस्थिती बरोबर उलटी आहे. दोरा काढून घेतला तर आवाज बसका, कोरडा येतो. तो योग्य जागी असला तरच तंबोरा झंकारतो.

घोडीचा माथा सपाट वाटला तरी त्याला अगदी हलका उतार दिलेला असतो. या उतारालाच जवारी म्हणतात. दोरा तारेला माथ्यापासून केसभर उचलतो. त्यामुळे दोऱ्याच्या पुढच्या भागात तार घोडीवर धड टेकलेलीही नसते आणि धड सुटलेलीही नसते. तार छेडली की प्रत्येक कंपनात ती या उताराला हलकेच शिवते आणि सुटते. अशा प्रत्येक स्पर्शाबरोबर मूळ सुरातली थोडी ऊर्जा वरच्या सुरांकडे, म्हणजे उपस्वरांकडे, वळते. म्हणून तंबोऱ्याचा सूर छेडताक्षणी पूर्ण नसतो, तो नंतर फुलत जातो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वाद्य तयार झाल्यावर कारागीर एका हाताने तार छेडत राहतो आणि दुसऱ्या हाताने दोऱ्याची दोन टोके धरून तो रेसभर पुढेमागे करतो. आधी तार ठस्स बोलते, मग एकदम उघडते, आणि दोरा आणखी सरकला की करकरू लागते. उघडण्याची जागा मिलिमीटरच्या काही अंशांत असते. ती मोजपट्टीने सापडत नाही, कानानेच शोधावी लागते.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवरचा आपला निबंध 1921 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात हाच मुद्दा आहे. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नियमानुसार तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा निस्पंद, म्हणजे स्थिर, बिंदू येतो, तो उपस्वर ऐकू येता कामा नये. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुप्पट कंपनसंख्येचा सूर, म्हणजे वरचा षड्ज, गळायला हवा. साध्या घोडीवर तो गळतोही. तंबोरा आणि वीणा या वाद्यांत मात्र तो ठणठणीत ऐकू येतो, असे रामन यांनी दाखवले. याचा अर्थ तो बोटाने निर्माण केलेला नसतो. तो घोडीवर, तारेच्या त्या निसटत्या स्पर्शातून तयार होतो. भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातला ताणलेल्या तारेचा धडा तंबोऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही, तो यामुळेच.

दुसरा गैरसमज गंधाराचा. तंबोऱ्याची पहिली तार मंद्र पंचमात, मधल्या दोन म्हणजे जोड षड्जात आणि शेवटची खर्जात लावतात. मालकंसासारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागात पहिली तार मध्यमात येते. गंधाराची तार कुठेच नसते, तरी नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो. त्यालाच गवई स्वयंभू गंधार म्हणतात. हा गायकाच्या मनाचा खेळ आहे असे काहींना वाटते, तर काही जण त्याला दैवी चमत्कार मानतात. दोन्ही कल्पना सोडून द्याव्यात. काळी एक पट्टीत षड्ज सुमारे 139 हर्ट्झ आणि खर्ज त्याच्या निम्मा, सुमारे 69 हर्ट्झ असतो. खर्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर त्याच्या पाचपट, म्हणजे सुमारे 346 हर्ट्झ येतो आणि तोच तार सप्तकातला गंधार. जवारी उघडी असली की हा पाचवा उपस्वर सहज वेगळा ओळखू येतो. पेटीचा गंधार याच्याशी जुळत नाही. षड्ज तंतोतंत मिळवला तरी पेटीवर तो 349 हर्ट्झच्या आसपास पडतो आणि दोन्ही सूर एकत्र वाजले तर सेकंदाला पावणेतीनच्या आसपास विस्पंद, म्हणजे आवाजाचे हेलकावे, उमटतात. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या गायकाला पेटीचा गंधार चढा वाटतो, ही तक्रार हिशेबाने खरी आहे.

भोपळा मोठा तितका सूर मोठा, हेही पुरते खरे नाही. तार इतकी बारीक असते की ती स्वतः हवा फारशी हलवू शकत नाही. तिची कंपने घोडीतून तबलीत उतरतात आणि लाकडाची ती पातळ पाटी हवा हलवते. पंढरपूर परिसरातून येणारा कडू भोपळा हलका आणि ताठ असतो. तबलीला आधार देणे आणि आतल्या हवेमुळे नादाला घाट देणे हे त्याचे काम. उपस्वर तो तयार करत नाही. बिघडलेल्या जवारीवर मोठ्या भोपळ्याचा इलाज चालत नाही.

तारांच्या धातूबद्दल तर समजुतींची रेलचेल आहे. खर्जाची तार पितळेची असते, कारण पितळ जड, असे सर्रास सांगितले जाते. पितळेची घनता पोलादापेक्षा जेमतेम 8 टक्के जास्त आहे. जाडी आणि ताण तेच ठेवून फक्त धातू बदलला तर सूर सुमारे 4 टक्क्यांनी उतरतो. हा फरक अर्ध्या स्वराइतकाही नाही, कारण अर्धा स्वर सुमारे 6 टक्क्यांचा असतो. खर्ज मिळतो तो जाडी वाढवून आणि ताण कमी करून. पितळ निवडण्याचे खरे कारण त्याचा लवचिकपणा. जाड पोलादी तार ताठर असल्याने तिचे उपस्वर मूळ सुराच्या नेमक्या पटीत न राहता चढत जातात. त्याच जाडीची पितळी तार वाकायला निम्मी सोपी असते, म्हणून तिचे उपस्वर जागेवर राहतात.

तार वरचेवर तुटते तेव्हा जाड तार लावण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो निरुपयोगी आहे. ठरावीक लांबीची तार ठरावीक सुरात लावायची असेल, तर तिच्या दर चौरस मिलिमीटरवर येणारा ताण जाडीवर अवलंबून नसतो. 90 सेंटिमीटर लांब आणि 0.3 मिलिमीटर जाड पोलादी तार काळी एकच्या षड्जात आणायला सुमारे साडेतीन किलोचा ओढा लागतो. जाडी दुप्पट केली तर ओढा चौपट, 14 किलोच्या घरात जातो. तुटण्याचा धोका होता तेवढाच राहतो आणि तबली-दांडीवरचा भार मात्र वाढतो. तार खुंटीपाशी किंवा अटीवर (तार जिच्यावरून खुंटीकडे जाते त्या पट्टीवर) एकाच जागी तुटत असेल, तर तिथला खरखरीत काठ तपासणे हाच उपाय.

मैफलीत खर्जच आधी उतरतो, तेव्हा दोष खुंटीला दिला जातो. खुंटी ढिली असू शकते, पण दिव्यांच्या उष्णतेने पितळ पोलादाच्या सुमारे दीडपट प्रसरण पावते. शिवाय खर्जाची तार मुळातच कमी ताणलेली असल्याने थोड्या प्रसरणानेही तिचा सूर जास्त ढळतो. तारेत ओवलेले मणके सरकवून तो पुन्हा मिळवता येतो.

तंतुवाद्याची तार म्हणजे मांजराचे आतडे, हा गैरसमज चटकन निकालात काढता येतो. सारंगीच्या मुख्य तारा तातेच्या असतात, पण ती तात बकऱ्याच्या आतड्याची. तंबोरा आणि सतार यांच्या तारा धातूच्याच.

मिरजेत वाद्ये बनू लागली ती किराणा घराण्यामुळे, असेही मानले जाते. त्या घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, हे खरे. पण त्यांचा जन्म 1872 चा. मिरजेतले कारागीर फरीदसाहेब यांनी तंतुवाद्याला हात घातला तो 1850 च्या सुमारास. फरीदसाहेबांचे घराणे शिकलगारांचे, म्हणजे शस्त्रे घडवून त्यांना धार लावणाऱ्यांचे. हत्यारांची मागणी घटली आणि तेच हात सतारीकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन वस्तू कुठली आहे ते सांगते. एखाद्या विशिष्ट तंबोऱ्याची जवारी कशी आहे, याची हमी त्यात नाही. ती कानाने पारखूनच घ्यावी.

जुना तंबोरा बसका वाजू लागला की तारा बदलण्याची घाई होते. नव्या तारांनी फरक पडतो, पण मूळ दुखणे बहुधा घोडीत असते. वर्षानुवर्षे घासून तारा माथ्यावर खाचा पाडतात, उतार मोडतो आणि दोऱ्याला बसायला जागाच उरत नाही. अशा वेळी घोडीचा माथा कानशीने पुन्हा घासून जवारी काढावी लागते. हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे, कारण एकदा जास्त घासली गेलेली घोडी पुन्हा भरून काढता येत नाही.