डासांच्या अळ्या व निंबोळीचा अर्क

मुंबईच्या पूर्व उपनगरातील गोवंडी येथील दाट वस्त्यांत नळाला पाणी ठराविक वेळीच येते. त्यामुळे घरोघरी पिंपे भरून ठेवावी लागतात. टंचाईच्या दिवसांत खेड्यांतील रांजण व हौद यांचीही स्थिती निराळी नसते. अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यू व हिवताप यांचा प्रसार करणारे डास अंडी घालतात. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः ७ ते १० दिवस लागतात. डासांचा नाश करण्यास हाच काळ सर्वांत सोयीचा होय; कारण अळी पाण्यात अडकलेली असते, तर डास उडून जातो.

हिवतापाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे दाखवून दिले. १९५३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात डीडीटीच्या फवारणीमुळे हिवताप झपाट्याने घटला. परंतु पुढे डासांना ते औषध पचू लागले. त्यामुळे वनस्पतिजन्य द्रव्यांकडे संशोधकांचे लक्ष अधिक वेधले गेले. निंबोळीच्या बियांत ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य असते. अळीला वाढताना वेळोवेळी कात टाकावी लागते. या द्रव्यामुळे त्या क्रियेत बिघाड होऊन अळीची वाढ खुंटते.

हा परिणाम विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविता येईल. मूठभर वाळलेल्या निंबोळ्यांच्या बिया कुटून पेलाभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात व सकाळी फडक्याने गाळून घ्याव्यात. काचेच्या दोन बरण्यांत सारखेच पाणी व सारख्याच अळ्या घ्याव्यात. एकीत चार चमचे अर्क व दुसरीत तितकेच साधे पाणी घालावे. दोन्हींची तोंडे घट्ट विणीच्या कापडाने बांधावीत. जिवंत अळ्या, कोष व डास यांची संख्या रोज फळ्यावर लिहावी. अर्काचा परिणाम सावकाश होतो; म्हणून घाईने निष्कर्ष काढू नये. शेवटी शिक्षकांनी स्वतः उकळते पाणी ओतून सर्व अळ्या नष्ट कराव्यात.

मात्र या प्रयोगावरून चुकीचा बोध होऊ देऊ नये. अर्क पिण्याच्या पाण्यात कदापि घालू नये. उन्हात त्याचा प्रभाव लवकर ओसरतो, म्हणून बुजविता न येणाऱ्या डबक्यांतही तो पुनःपुन्हा घालावा लागतो. पिंपासाठी खरा उपाय एकच : आठवड्यातून एक दिवस ते रिकामे करून आतील बाजू घासावी, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून राहतात व कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. पिंप वाळवून भरल्यावर घट्ट झाकावे.

ताप आलेल्या मुलास कोणताही अर्क न देता प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासून घ्यावे, हेही पालकसभेत आवर्जून सांगावे. शाळेत शिकलेला ‘कोरडा दिवस’ विद्यार्थ्यांच्या घरी पाळला गेला, तरच हा पाठ पूर्ण झाला असे समजावे.