मध्यमवयीन स्थौल्य : रुग्णाचे सातत्य कसे टिकवावे?

स्थौल्याचा रुग्ण आपल्याकडे बहुधा दोन वेळी येतो. एक, दिवाळी किंवा लग्नसराई संपल्यावर. आणि दुसरे, रक्ततपासणीचा अहवाल हाती पडल्यावर. त्या दिवशी त्याचा उत्साह दांडगा असतो. साखर सोडतो, पहाटे उठतो, औषधे वेळेवर घेतो. पहिल्या पंधरवड्यात दोन किलो उतरतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा जागचा हलत नाही, घरात एखादे कार्य निघते आणि पुढच्या तारखेला रुग्ण येत नाही. वर्षाने तो पुन्हा येतो तेव्हा पूर्वीपेक्षा तीन किलो अधिक घेऊन येतो आणि सोबत एक समजही आणतो : ‘माझ्याच्याने हे होणार नाही.’

मेदोहर द्रव्ये, लेखन बस्ती, उद्वर्तन यांविषयी आपल्या सभा-संमेलनांतून भरपूर चर्चा होते. रुग्ण मधेच का थांबतो, या प्रश्नाकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. कारण जी चिकित्सा रुग्ण सहा महिने करीत नाही, ती कितीही शास्त्रशुद्ध असली तरी निष्फळ ठरते. प्रश्न लहानही नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीत देशातील ३९.५ टक्के प्रौढांमध्ये उदराचे स्थौल्य आढळले.

‘वय झाले’ हा गैरसमज

चाळिशी उलटलेल्या रुग्णाचा पहिला युक्तिवाद वयाचा असतो. ‘आता या वयात वजन कमी होत नाही’ असे तो ठामपणे सांगतो. सुश्रुताचार्यांनी चाळीस वर्षांपर्यंत सर्व धातू, इंद्रिये, बल व वीर्य यांची संपूर्णता सांगितली असून त्यापुढे सत्तरीपर्यंत किंचित् परिहानी सांगितली आहे. यातील ‘किंचित्’ हा भाव महत्त्वाचा आहे. २०२१ साली २९ देशांतील ६,४०० हून अधिक व्यक्तींच्या मोजमापांवरून झालेल्या अभ्यासातही असेच दिसले, की शरीराची घडण लक्षात घेतली तर विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत दैनंदिन ऊर्जाव्यय जवळजवळ स्थिर राहतो.

मग वजन वाढते कशाने? मांसधातू हळूहळू क्षीण होतो, बैठे काम वाढते, झोपेची घडी विस्कटते, रात्रीचे जेवण उशिरा होते, स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या सुमारास मेदाचा संचय उदराकडे वळतो. यांपैकी बहुतेक कारणांवर उपाय आहे. रुग्णाला हे पहिल्याच भेटीत समजावून सांगितले पाहिजे. ज्याला आपला पराभव अटळ वाटतो, तो लढाई फार दिवस लढत नाही.

भूक हा रुग्णाचा अपराध नव्हे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूलाच्या आठ दोषांत अतिक्षुधा आणि अतिपिपासा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मेदाने मार्ग आवृत झाल्यामुळे वायू कोष्ठात संचार करतो, अग्नी प्रदीप्त करतो; त्यामुळे घेतलेला आहार लवकर पचून पुन्हा आहाराची आकांक्षा निर्माण होते. याचाच अर्थ, स्थूल मनुष्याची भूक हे व्याधीचे लक्षण आहे, ती केवळ त्याची हाव नव्हे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दहा आठवड्यांच्या अल्पाहाराने वजन उतरलेल्या व्यक्तींमध्ये भूक वाढविणारे अंतःस्रावी बदल वर्षभरानंतरही कायम असल्याचे आढळले.

म्हणून ‘जिभेवर ताबा ठेवा’ एवढा उपदेश पुरेसा नाही. आचार्यांनी स्थूलासाठी गुरू आणि अपतर्पण असा दुहेरी गुणांचा आहार सांगितला, त्यामागील युक्ती हीच आहे. पोटाला आधार मिळावा, पण मेदाला पोषण मिळू नये. आपल्याकडील ज्वारीची भाकरी, वरी, जव, मूग, कुळीथ, ताजे ताक, पालेभाज्या यांची योजना या दृष्टीने करावी. पित्तप्रधान रुग्णास कुळीथ जपूनच द्यावा. अतिस्थूलात मेदच वाढतो व इतर धातूंचे तसे पोषण होत नाही, हेही तेथेच सांगितले आहे. उपासमारीने वजन झपाट्याने उतरते, पण त्याबरोबर मांसही उतरते. अशा रुग्णास थकवा येतो आणि थकलेला रुग्ण प्रयत्न सोडतो. आठवड्यातून दोन उपवास धरून साबुदाण्याची खिचडी व शेंगदाण्याचे लाडू खाणाऱ्यांविषयी तर वेगळे सांगायला नको. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवातूनच केली आहे.

धी, धृती आणि स्मृती

धी, धृती व स्मृती यांच्या भ्रंशातून प्रज्ञापराध घडतो, हे आपण सर्व जाणतो. रुग्णाचे सातत्य का तुटले हे ठरविताना हीच त्रयी उपयोगी पडते. तीन ठिकाणी तीन वेगळे उपाय लागतात.

धीभ्रंश म्हणजे चुकीची समजूत. ऐंशी किलोच्या गृहस्थाला विवाहाच्या वेळचे साठ किलो वजन तीन महिन्यांत हवे असते. ते मिळत नाही आणि तो निराश होतो. मधुमेह प्रतिबंधासाठी अमेरिकेत झालेला जो मोठा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यातील व्यक्तींचे सरासरी वय ५१ होते. ध्येय होते फक्त ७ टक्के वजन घटविण्याचे आणि आठवड्यास १५० मिनिटांच्या व्यायामाचे. एवढ्या प्रयत्नाने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. ऐंशी किलोच्या रुग्णास सात टक्के म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. हा आकडा कागदावर लिहून द्यावा. शिवाय कटीचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत आणणे हे दुसरे ध्येय ठेवावे.

धृतिभ्रंश म्हणजे कळते पण वळत नाही. येथे आपले आपणच तपासून पाहावे. पहिल्याच दिवशी आपण साखर, भात, बटाटा, दुपारची झोप, तळलेले पदार्थ हे सर्व बंद करतो आणि वर एक तास चालणे सांगतो. अहितकर सवय क्रमाक्रमाने, चतुर्थांशाने सोडावी व हितकर सवय त्याच क्रमाने जोडावी, असा पादांशिक क्रम सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितलेला असताना त्याचा आपल्याला विसर का पडावा? दिवसाला चार कप चहा घेणाऱ्याने आधी एका कपातील साखर सोडावी. ती अंगवळणी पडली की दुसऱ्या कपातील. व्यायामही अर्धशक्तीनेच सुरू व्हावा. कपाळावर, नाकावर व काखेत घाम येऊ लागला की थांबावे. स्थूलासाठी व्यायाम व जागरण सांगतानाही आचार्यांनी ते क्रमाने वाढविण्यास सांगितले आहे. पहिल्या आठवड्यात गुडघे दुखवून घेतलेला रुग्ण दुसऱ्या आठवड्यात घराबाहेर पडत नाही.

स्मृतिभ्रंश म्हणजे आपण हे कशासाठी आरंभिले याचा विसर. गुडघा दुखायचा थांबला, साखर थोडी उतरली, की कारण मागे पडते. यासाठी साधी वही हा उत्तम उपाय आहे. पहिल्या पानावर रुग्णाने स्वतःच्या हाताने आपले कारण लिहावे : ‘दोन जिने न थांबता चढायचे आहेत’, ‘वडिलांसारखे पन्नाशीत इन्सुलिन नको.’ आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी, एकाच काट्यावर वजन करून नोंदवावे. महिन्यातून एकदा घेर मोजावा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगी बाणायला सरासरी ६६ दिवस लागल्याचे दिसले. कोणाला १८ पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. तेव्हा एकवीस दिवसांत सवय लागते, हे आश्वासन रुग्णास देऊ नये.

काटा थांबतो तेव्हा

आरंभी उतरणाऱ्या वजनात क्लेदाचा भाग मोठा असतो, त्यामुळे पहिला पंधरवडा फसवा असतो. पुढे गती मंदावते. ही गोष्ट घडण्यापूर्वीच सांगून ठेवली, तर रुग्णाला ती अपयश वाटत नाही. त्या काळात इतर खुणा विचाराव्यात : पट्ट्याचे भोक बदलले का, घोरणे कमी झाले का, जेवणानंतरची सुस्ती गेली का, उपाशीपोटीची साखर किती आहे. रुग्णाला काट्याशिवायही प्रगती दिसली पाहिजे.

सणावाराचेही तसेच. गणपतीत मोदक आणि दिवाळीत करंजी वर्ज्य करणारा वैद्य घराघरांत अप्रिय होतो आणि त्याचे ऐकलेही जात नाही. एक दिवस सुटला तर दुसऱ्या दिवशी पूर्ववत् यावे, एवढाच नियम द्यावा. एका दिवसाच्या खाण्याने मेद वाढत नाही. ‘आता बिघडलेच आहे’ म्हणून सोडून दिलेल्या पुढच्या महिन्याने वाढतो. आळंदीहून पंढरीस निघालेला वारकरी सुमारे २५० किलोमीटरचा हिशेब रोज करीत बसत नाही. तो पुढचा मुक्काम गाठतो, आणि दिंडी सोबत असते म्हणून चालत राहतो. आपल्या रुग्णालाही मुक्काम जवळचा हवा आणि सोबत हवी.

उपस्थाता आणि ज्ञापकत्व

चिकित्सेच्या चतुष्पादांत उपस्थात्यास स्थान आहे. स्थौल्यात उपस्थाता म्हणजे स्वयंपाकघर सांभाळणारी व्यक्ती. तिला न बोलावता दिलेला आहारतक्ता खिशातच राहतो. रुग्ण गृहिणी असेल तर अडचण आणखी वाढते. घरच्यांसाठी पुरणपोळी लाटायची आणि स्वतः वेगळे खायचे, ही अपेक्षा फार दिवस टिकत नाही. सर्व घराचाच रात्रीचा आहार लवकर आणि हलका झाला, तर तिच्या एकटीच्या धृतीवर भार पडत नाही.

रुग्णाच्या चार गुणांत ज्ञापकत्व, म्हणजे आपली अवस्था वैद्यास नीट सांगणे, हा एक गुण आहे. परंतु ज्याला रागावले जाते, तो सांगत नाही. तो लपवितो आणि पुढे येणेच बंद करतो. वजन वाढवून आलेल्या रुग्णाला आपले पहिले वाक्य काय असते, यावर त्याची पुढची भेट अवलंबून असते. ‘आलात, हे बरे केलेत’ या शब्दांत पुष्कळ सत्त्वावजय आहे.

औषधविक्रेत्या बंधूंस दोन शब्द

रुग्ण वैद्याकडे महिन्यातून एकदा येतो, दुकानात मात्र अधिक वेळा येतो. गुग्गुळकल्पाची डबी देताना ‘चालणे चालू आहे ना?’ एवढी चौकशीही सातत्यास हातभार लावते. याउलट ‘महिन्यात दहा किलो’ असा फलक त्याच्या संयमावर घाव घालतो. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत स्थौल्याचा समावेश आहे, हे विसरू नये. निनावी ‘हर्बल’ चूर्णांपासूनही सावध असावे. हृदयास अपायकारक ठरलेल्या सिब्युट्रामिन या द्रव्यावर भारतात २०११ साली बंदी आली. तथापि अमेरिकेच्या औषध नियामकांना वजन घटविण्याच्या तथाकथित वनस्पतिजन्य उत्पादनांत ते वारंवार सापडले आहे. खरेदीचे देयक, उत्पादकाचा परवाना व घटकांची यादी यांवाचून माल फळीवर ठेवू नये.

सेमाग्लुटाइड व टिरझेपाटाइड ही वजन घटविणारी इंजेक्शने २०२५ पासून भारतात उपलब्ध झाल्यामुळे रुग्ण त्यांविषयी विचारतात. त्यांचा परिणाम नाकारण्याचे कारण नाही. परंतु सेमाग्लुटाइड थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत आल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. सवयींचे काम तेथेही चुकत नाही. तसेच इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने आहार घटविल्यास रक्तशर्करा एकदम उतरू शकते. अशा रुग्णाच्या औषधमात्रेचा विचार त्याच्या उपचारक डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावा.

एक नोंदवही ठेवावी

वर उल्लेखिलेल्या २००२ च्या अभ्यासात पहिल्या २४ आठवड्यांत १६ मार्गदर्शन-भेटी ठेवल्या होत्या व पुढे साधारण दरमहा भेट होती. आपल्या चिकित्सालयात पहिले तीन महिने पंधरवड्यास आणि पुढे वर्षअखेरपर्यंत महिन्यास एक भेट ठेवणे सहज शक्य आहे. प्रत्येक वेळी औषध बदलण्याची गरज नाही. वही पाहावी, एक सवय वाढवावी आणि पुढची तारीख द्यावी. न आलेल्या रुग्णास दूरध्वनी करावा.

सदस्य वैद्यांना विनंती अशी, की येत्या वर्षी स्थौल्याच्या रुग्णांची स्वतंत्र नोंदवही ठेवावी. किती किलो उतरले, हा रकाना त्यात असावाच. पण त्याच्या आधी एक रकाना असावा : आरंभ केलेल्यांपैकी सहाव्या महिन्यात किती जण येत आहेत? हा आकडा वाढला, तर पहिला आकडा त्याच्या मागोमाग येईल. हे अनुभव पुढील अंकांतून प्रसिद्ध झाल्यास सर्वांनाच त्यांचा उपयोग होईल.