कॅल्क्युलेटरवरची सोलर पट्टी घराच्या छतावर का दिसत नाही?

सोलर कॅल्क्युलेटरच्या स्क्रीनशेजारी चार चौकटींची एक काळपट तपकिरी पट्टी असते. (काही स्वस्त कॅल्क्युलेटरवर ती नुसती शोभेची असते, तो भाग वेगळा!) छतावरचं पॅनल आणि ही पट्टी, दोन्ही सिलिकॉनचीच. फरक आहे अणूंच्या मांडणीचा.

पॅनलमधल्या सिलिकॉनचे अणू कवायतीला उभे राहिल्यासारखे ओळीत असतात. हा झाला स्फटिक. पट्टीतलं सिलिकॉन 'अमॉर्फस', म्हणजे एसटी स्टँडवरच्या गर्दीसारखं. या विस्कळीतपणामुळे ते उजेड पटकन शोषतं. स्फटिकाची चकती साधारण दीडशे मायक्रॉन जाड लागते, इथे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास थर पुरतो. केसाच्या जाडीचा शंभरावा भागही नाही!

हा थर कापून काढता येत नाही, तो काचेवर 'जमवावा' लागतो. काचेवर आधी वीज वाहून नेणारा पारदर्शक लेप देतात. मग ती निर्वात पेटीत ठेवून सायलेन हा वायू सोडतात आणि विजेच्या जोरावर त्याचा प्लाझ्मा करतात. वायूचे रेणू तुटतात, सिलिकॉन काचेवर बसत जातं. तापमान असतं फक्त 200 अंशांच्या आसपास. स्फटिकासाठी मात्र सिलिकॉन 1400 अंशांच्या वर वितळवावं लागतं.

सायलेनमधला थोडा हायड्रोजनही थरात अडकतो आणि हे फार कामाचं आहे. गर्दीत काही अणूंचा एक हात मोकळाच राहतो, त्यात इलेक्ट्रॉन अडकतात. हायड्रोजन तो हात धरतो.

थर तीन असतात. पहिल्यात बोरॉन, शेवटच्यात फॉस्फरस, मधला शुद्ध. वीज तयार होते मधल्या थरात. तिथले इलेक्ट्रॉन स्वतःहून फार लांब जात नाहीत, म्हणून दोन बाजूंचे थर विद्युतक्षेत्र तयार करून त्यांना ओढून घेतात. एका चौकटीतून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो, म्हणून चार चौकटी एकामागे एक जोडलेल्या असतात.

अमेरिकेतल्या आरसीए प्रयोगशाळेत डेव्हिड कार्लसन आणि ख्रिस्तोफर व्रॉन्स्की यांनी 1976 मध्ये असा सेल जाहीर केला. कार्यक्षमता होती 2.4 टक्के. 1980 मध्ये जपानच्या सान्योने कॅल्क्युलेटरसाठी याचं उत्पादन सुरू केलं. ट्यूबलाइटच्या उजेडात इन्फ्रारेड जवळजवळ नसतो आणि अमॉर्फस सिलिकॉनला तो पकडताही येत नाही. त्यामुळे घरात तोटा नाही. उन्हात मात्र ती ऊर्जा वाया जाते.

खरी अडचण 1977 मध्येच कळली होती. आरसीएमध्येच स्टेब्लर आणि व्रॉन्स्की यांना दिसलं, की उजेडानेच हे सिलिकॉन बिघडतं! उन्हात ठेवल्यावर अणूंचे हात पुन्हा मोकळे होतात आणि पहिल्या काही महिन्यांत 10 ते 30 टक्के ताकद जाते. दीडशे अंशांच्या वर तापवलं की दोष भरून निघतो, पण छतावरचं पॅनल तापवणार कोण?

शेवटी अशा पॅनलची कार्यक्षमता 6 ते 8 टक्क्यांवर स्थिरावली. स्फटिकाची आज 20 टक्क्यांच्या पुढे आहे. म्हणजे तेवढ्याच विजेसाठी जवळपास तिप्पट जागा, तिप्पट सांगाडा. त्यात स्फटिकाच्या पॅनलचे भावही कोसळले.

तरी हा थर छतावर पोहोचलाच आहे, फक्त दिसत नाही. हेटरोजंक्शन पॅनलमध्ये स्फटिकाच्या चकतीच्या दोन्ही बाजूंना अमॉर्फस सिलिकॉनचा काही नॅनोमीटरचा लेप असतो. पृष्ठभागावरचे मोकळे हात तिथे हायड्रोजनच धरतो. आज बाजारात मिळणाऱ्या सर्वांत कार्यक्षम पॅनलमध्ये यांची गणना होते.