लोणारचे पाणी आणि प्रकाशाची साक्ष

सन २०२० च्या जून महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे एरव्ही हिरवट दिसणारे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्या विलक्षण स्थित्यंतराची छायाचित्रे सर्वत्र पसरली. पाण्याची क्षारता वाढल्याने फोफावलेल्या हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा तो परिणाम असल्याचा निर्वाळा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणीअंती दिला. परंतु निसर्गातील अशा बदलाची नोंद जेव्हा छायाचित्राच्या रूपाने होते, तेव्हा त्या दस्तऐवजातील रंग पाण्याचा किती आणि त्यावर पडलेल्या प्रकाशाचा किती, हे ठरविणे अगत्याचे असते. ती तजवीज कॅमेऱ्यातील ‘व्हाइट बॅलन्स’ करतो.

प्रकाशाचा वर्ण केल्व्हिन या परिमाणात मोजतात. मेणबत्तीचा उजेड सुमारे १,९००, तारेच्या दिव्याचा २,८००, माध्यान्हीच्या उन्हाचा ५,५००, तर निरभ्र आकाशाखालच्या सावलीतला ७,००० केल्व्हिनच्याही वर असतो. आकडा लहान तितका प्रकाश तांबूस, मोठा तितका निळसर. मानवी दृष्टी हा भेद बऱ्याच अंशी आपोआप वजा करते, म्हणून पांढरी टोपी दिव्याखालीही आपणांस पांढरीच भासते. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र आलेला प्रकाश तांबडा, हिरवा व निळा अशा तीन हिश्श्यांत मोजतो, आणि त्या हिश्श्यांचे प्रमाण असे जुळविणे की पांढरी वस्तू पांढरी उमटावी, हेच व्हाइट बॅलन्सचे कार्य होय.

हे सरोवर ज्यात वसले आहे त्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात, जेथे सकाळी एका कडेवर ऊन तर दुसऱ्या कडेखाली सावली असते, तेथे ‘ऑटो’ व्हाइट बॅलन्सवर सर्वस्वी विसंबणे इष्ट नाही. ही योजना प्रकाशाचा अंदाज बहुधा दृश्यातील रंगांवरूनच बांधते. त्यामुळे चौकटभर गुलाबी पाणी असल्यास तो वर्ण प्रकाशाचाच दोष समजून ती त्यास फिका करण्याचा संभव असतो, आणि जे नोंदवायचे तेच पुसले जाते. उलटपक्षी, भर उन्हात सावलीसाठी असलेली ‘शेड’ ही योजना ठेवल्यास नसलेल्या तांबूसपणाची भर पडते.

यास्तव ज्या उजेडात छायाचित्र घ्यावयाचे, त्याच उजेडात राखाडी रंगाचे ग्रे कार्ड धरून, चौकटीचा मध्यभाग त्याने व्यापून एक चित्र घ्यावे व ‘कस्टम’ व्हाइट बॅलन्ससाठी तेच कॅमेऱ्यास प्रमाण म्हणून नेमून द्यावे. ऊन ढगाआड गेले अथवा कड्याची सावली सरकली, की हा विधी पुन्हा करावा. साधा पांढरा कागद येथे पुरेसा विश्वसनीय नव्हे, कारण तो शुभ्र दिसावा म्हणून घातलेली द्रव्ये अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश परत टाकतात. छायाचित्र ‘रॉ’, म्हणजे सेन्सरच्या मूळ नोंदीच्या, स्वरूपात जतन केल्यास व्हाइट बॅलन्स मागाहूनही दुरुस्त करता येतो.

आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या रामसर यादीत लोणारचा समावेश झाल्याचे नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झाले; त्यामुळे येथील बदलांची नोंद अचूक असणे अधिकच अगत्याचे आहे. या सरोवराची छायाचित्रे घेणाऱ्या प्रत्येकाने आपल्या संग्रहात त्या वेळच्या ग्रे कार्डाचे एक चित्र, तारीख व वेळ यांसह अवश्य ठेवावे. दोन निरनिराळ्या वर्षांतील पाण्याच्या रंगांची तुलना करू पाहणाऱ्या अभ्यासकास त्यावाचून खात्रीलायक आधार मिळणार नाही.