संगणकाला पाण्याचा गारवा : खरेदीपूर्वी करावयाचा हिशेब

सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि लग्नसराईही त्याच सुमारास जोरात असते. समजा, अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी येथे आपले फोटो अल्बम व व्हिडिओ मिक्सिंगचे छोटे दुकान आहे. वर पत्र्याचे छत आहे, दुपारचे तीन वाजले आहेत आणि लग्नाचा व्हिडिओ तयार होत आहे. अशा वेळी संगणक मंदावतो, कधी बंदही पडतो. गिऱ्हाइकाने विश्वासाने सोपविलेले चित्रीकरण ही आपल्याकडील अमानत असते, त्यामुळे या तक्रारीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. अशा वेळी पुष्कळांना पाण्याने संगणक थंड ठेवण्याच्या सोयीचा मोह होतो. ही सोय चांगली आहे. परंतु हिशेब न करता घेतल्यास पैसा वाया जातो, असे आम्हांस वाटते.

पाणी नेमके काय करते?

मोटारीच्या इंजिनाचे काम पाहिलेल्या कारागिरास हे समजावून सांगावे लागत नाही. प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवितात. त्यातून जाणारे पाणी उष्णता घेते, रेडिएटरमध्ये पंख्याच्या वाऱ्याने ती सोडते आणि पंपाने पुन्हा फिरते. एक लिटर पाणी एक लिटर हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. म्हणूनच २०१९ साली पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकासाठी द्रवाने थेट उष्णता ओढून घेण्याची पद्धत वापरण्यात आली.

मात्र पाणी उष्णता नाहीशी करत नाही. ते तिची जागा बदलते. ती शेवटी खोलीच्या हवेतच जाते. म्हणून पाणी खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही. साधारणतः १० ते १५ अंश अधिकच राहते. खोलीत ४२ अंश असतील तर पाणी ५२ ते ५७ अंशांवर जाईल. पुष्कळ पंपांची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. म्हणजे पहिला खर्च खोलीवर करावा : पत्र्याखाली आच्छादन, खिडकीस कूलर, गरम हवा बाहेर टाकणारा पंखा. कूलरचा ओला झोत मात्र थेट यंत्रावर घेऊ नये. फिरणाऱ्या पाण्यात बर्फ घालण्याचा उपद्व्याप तर करूच नये. नळ्यांवर दव धरून बोर्ड जळेल.

कागदावरची आखणी

प्रथम वॉटचा हिशेब मांडावा. प्रोसेसर १२५ वॉट आणि ग्राफिक्स कार्ड २०० वॉट धरले तर ३२५ वॉट उष्णता बाहेर टाकावी लागेल. ढोबळ मानाने दर १०० ते १२५ वॉटना १२० मिलिमीटर रेडिएटर लागतो. म्हणजे येथे ३६० मिलिमीटरचा हवा. आपल्याकडील उन्हाळा पाहता एक माप मोठा घेतलेला बरा. तो कॅबिनेटमध्ये मावतो का, हे टेप लावून आधीच मोजावे.

मिनिटाला ४ लिटर पाणी फिरले तर ३२५ वॉटने ते एका फेरीत सव्वा अंशाच्या आसपासच तापते. त्यामुळे कोणता भाग आधी, कोणता नंतर, याची फार चिंता नको. एवढेच पाळावे की टाकी पंपाच्या आधी व वर असावी, कारण पंप कोरडा फिरला की खराब होतो. सर्वांत खालच्या जागी पाणी काढण्याची तोटी ठेवावी.

धातूंची निवड महत्त्वाची आहे. तांब्याचा ठोकळा आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजते. भंगारातील मोटारीचा रेडिएटर वापरण्याचा विचार असेल तर तो तांबे-पितळेचा आहे ना, हे तपासावे. बोअरचे क्षारयुक्त पाणी घालू नये. सीलबंद डिस्टिल्ड पाणी आणि गंज व शेवाळ रोखणारे औषध वापरावे. सर्व मिळून साधारण एक लिटर पाणी लागते आणि ते बंद नळ्यांतच फिरते, त्यामुळे पाणीटंचाईच्या दिवसांतही अडचण येत नाही. वर्षातून एकदा ते बदलावे.

कसोटी घेतल्याशिवाय काम नको

जोडणी झाल्यावर एसएमपीएसवरून फक्त पंपास वीज द्यावी. मदरबोर्ड व कार्डाच्या तारा काढून ठेवाव्यात. प्रत्येक जोडाखाली कागदी रुमाल ठेवून २४ तास पंप चालवावा. कागद कोरडा राहिला तरच पुढे जावे. पंपाच्या वेगाची तार मदरबोर्डास जोडली आणि त्याची इशाऱ्याची सोय चालू केली, तर पंप थांबल्याचे कळते. वीज गेली तर मात्र पंप आणि संगणक दोन्ही एकदमच थांबतात, म्हणून त्याची धास्ती नको. चित्रीकरणाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी, हे सांगणे न लगे.

कोणी घ्यावे, कोणी थांबावे?

ज्याचा संगणक बिल व पत्रिकांपुरताच चालतो, त्याने धूळ साफ करावी, थर्मल पेस्ट बदलावी, फार तर चांगला हवेचा कूलर बसवावा. तेवढ्याने काम भागते. ज्याचे यंत्र रोज तासन्‌तास पूर्ण भाराने चालते, त्याने पाण्याचा विचार अवश्य करावा. प्रथमच करणाऱ्याने कारखान्यातून भरून, बंद करून आलेला तयार संच घेणे सोयीचे. व्याजाच्या हप्त्यांवर ही हौस करू नये. हंगामाच्या कमाईतून करावी.

रेडिएटर व पंपाचे काम करणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांनीही याकडे लक्ष द्यावे. गळती शोधणे, धातू ओळखणे, जोड घट्ट बसविणे हे हुन्नर त्यांच्या हातात आधीपासूनच आहे. संगणक जाणणाऱ्या एखाद्या तरुणाशी भागी केली तर, इन्शाअल्लाह, गावातच एक नवे काम उभे राहू शकेल.