दिवा विझला नाहीं म्हणजे हवा शुद्ध नव्हे

सांगलीजवळील हरिपूर येथें हळद साठविण्यासाठीं जमिनींत खोदलेलीं पेंवें प्रसिद्ध आहेत; २००५ सालच्या महापुरांत त्यांपैकीं पुष्कळ निकामी झालीं. पेंव उघडल्याबरोबर आंत उतरूं नये, कांहीं वेळ तें तसेंच उघडें ठेवावें, मग पेटता कंदील दोरीनें आंत सोडावा आणि तो विझल्यास माघार घ्यावी, अशी जाणत्यांची रीत आहे. ती रास्तच आहे. कोंडलेल्या मालाच्या श्वसनामुळें पेंवांतील प्राणवायु कमी होतो व कार्बन डायॉक्साइड वाढतो. शुद्ध हवेंत शेंकडा सुमारें २१ भाग प्राणवायु असतो. तो १६-१७ भागांवर आला कीं साधी ज्योत विझते, आणि त्या वेळीं माणसास माघारी फिरण्याइतकें भान उरलेलें असतें.

परंतु हीच कसोटी विहिरीस लावली कीं घात होतो. जमिनीवरचा पंप फार तर सात-आठ मीटर खोलीचें पाणी ओढूं शकतो. पाणी त्याखालीं गेलें, वीज नसली, किंवा गाळ काढावयाचा असला कीं इंजिन विहिरीच्या टप्प्यावर उतरविण्याचा मोह होतो. त्याच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु असतो. पेट्रोल किंवा रॉकेलवर चालणाऱ्या लहान पंपांच्या धुरांत तर तो डिझेलपेक्षां पुष्कळच अधिक असतो. ह्या वायूस रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. रक्तांतील तांबडा घटक प्राणवायूपेक्षां त्याला दोनशें पटींहून अधिक आवडीनें धरून ठेवतो. हजार भाग हवेंत त्याचा एक भाग मिसळला तरी कांहीं तासांत माणूस दगावूं शकतो. कंदील मात्र अशा हवेंत खुशाल जळत राहतो. म्हणून कंदील हा प्राणवायूचा साक्षीदार आहे, विषाचा नव्हे, हें प्रथम ध्यानांत धरावें.

ही गोष्ट केवळ विहिरीपुरती नाहीं. मोशी, चिखली, डुडुळगांव, चऱ्होली हीं गांवें १९९७ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आलीं आणि पुष्कळ शेतकऱ्यांनीं कामगारांस भाड्यानें देण्यासाठीं खोल्या बांधल्या. बंद न्हाणीघरांतील गॅसचा गीझर आणि थंडीच्या रात्रीं दार लावून पेटविलेली कोळशाची शेगडी, हीं त्याच वायूचीं घरगुती ठिकाणें होत.

ह्या वायूची परीक्षा करण्याचे उपाय काळानुसार बदलत गेले. इंग्लंडांतील जॉन स्कॉट हॉल्डेन ह्या शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोळशाच्या खाणींत लहान पक्षी नेण्याची शिफारस केली. पक्ष्याचा श्वास जलद असल्यानें त्यास विषबाधा माणसाच्या आधीं होते. ब्रिटिश खाणींतून ती प्रथा १९८६ सालीं उठविण्यांत आली व तिच्या जागीं हातांत धरण्याचें यंत्र आलें.

आज बाजारांत मिळणाऱ्या साधनांची तुलना केली असतां चार प्रकार दिसतात. पहिला, रंग बदलणाऱ्या ठिपक्याचें कार्ड. तें स्वस्त आहे. परंतु तें सावकाश रंग बदलतें, इशारा देत नाहीं आणि लवकर कालबाह्य होतें. त्याच्या भरंवशावर कोणीं विहिरींत उतरूं नये. दुसरा, काचेची नळी व हातपंप. नळींतील औषधाचा रंग जितका पुढें सरकतो तितकें वायूचें प्रमाण समजावें. हें साधन विजेवांचून चालतें, पण एक नळी एकदांच उपयोगीं पडते व त्या क्षणापुरतेंच उत्तर देते. तिसरा, घरांत भिंतीवर लावण्याचें यंत्र. अमेरिकेंतील प्रमाणाप्रमाणें असें यंत्र ७० पीपीएम, म्हणजे दशलक्ष भाग हवेंत ७० भाग वायु असतां, १ ते ४ तासांच्या दरम्यान वाजतें; ४०० पीपीएम असतां ४ ते १५ मिनिटांत वाजतें. निजावयाच्या खोलीस तें योग्य. विहिरीवर उभ्या असलेल्या माणसास इतका विलंब परवडणारा नाहीं.

चौथा प्रकार हातांतील आंकडा दाखविणाऱ्या यंत्राचा. त्यांत एक लहान विद्युत्-रासायनिक घट असतो. वायु आंत शिरला कीं सूक्ष्म वीजप्रवाह उत्पन्न होतो व प्रवाहाच्या प्रमाणांत आंकडा उमटतो. पुष्कळ यंत्रांत पहिला इशारा ३५ पीपीएमला वाजतो. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यानें आठ तासांच्या कामासाठीं सरासरी ५० पीपीएम ही मर्यादा घातली होती, त्यावरून ह्या आंकड्याचा अर्थ ध्यानांत येईल.

येथें कंदिलाच्या उलट फसगत संभवते. एकाच वायूचें हें यंत्र प्राणवायूविषयीं अगदीं आंधळें असतें. पेंवांत प्राणवायु संपला असतांहि तें निश्चिंतपणें शून्य दाखवील. म्हणून ज्यास पेंव, गोबरगॅसचा खड्डा व विहीर अशा सर्व ठिकाणीं काम पडतें, त्यानें प्राणवायु, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड व पेट घेणारे वायु असे चारहि दाखविणारें यंत्र घ्यावें. तें महाग आहे, पण उणें नाहीं.

यंत्र विकत घेण्यापूर्वीं व वापरण्यापूर्वीं त्याची परीक्षा अवश्य करावी. तें नाशिक रस्त्याच्या कडेला सुरू न करतां मोकळ्या शेतांत, वाऱ्याच्या तोंडीं सुरू करावें. तेथें कार्बन मोनॉक्साइड शून्य व प्राणवायु २०.९ दिसला पाहिजे. मग ठरीव प्रमाणाच्या वायूची लहान टांकी जोडून आंकडा बरोबर येतो कीं नाहीं व भोंगा वाजतो कीं नाहीं हें पाहावें. ही कसोटी ज्या दिवशीं काम असेल त्या दिवशीं करावी. मोटारसायकलच्या नळीशीं यंत्र धरणें ही परीक्षा नव्हे. त्या धुरांत वायु किती हें ठाऊक नसतें, आणि उष्ण, ओलसर, दाट धुरानें घट बिघडण्याचा संभव असतो. दोन यंत्रांची तुलना करावयाची तर दोन्ही एकाच वेळीं एकाच टांकीच्या वायूवर लावावीं. कोणतें लवकर स्थिरावतें, कोणतें लवकर शून्यावर परततें आणि इंजिनाच्या आवाजांत कोणाचा भोंगा ऐकूं येतो, हें पाहावें.

आणखी दोन गोष्टी. घट कांहीं वर्षांत जीर्ण होतो, म्हणून खोक्यावरील तारीख पाहावी व नवा घट मिळतो कीं नाहीं हें विचारावें. बॅटरी चार्ज होत असतांना निघणारा हायड्रोजन आणि हात धुण्याचें मद्यार्कयुक्त द्रव्य यांनींहि आंकडा खोटा वाढतो. तशा जागीं यंत्र ठेवूं नये. मोशीच्या प्रदर्शन केंद्रांत डिसेंबरांत भरणाऱ्या किसान प्रदर्शनास जाणाऱ्यांनीं विक्रेत्यास हे प्रश्न जरूर घालावे.

विहिरीवर प्रथम इंजिन बंद करावें. यंत्र दोरीनें सोडून प्रत्येक टप्प्यावर एक-दोन मिनिटें थांबवावें, कारण आंकडा स्थिर होण्यास वेळ लागतो. सर्वांत मोठा आंकडा साठवून ठेवणारें यंत्र ह्या कामीं सोयीचें. कार्बन मोनॉक्साइड वजनानें जवळजवळ हवेइतकाच असल्यानें तो कोणत्याहि थरांत सांपडतो. कार्बन डायॉक्साइड हवेच्या दीडपट जड असल्यानें तळाशीं बसतो. उतरणाऱ्याच्या कंबरेस दोर असावा, यंत्र छातीशीं असावें व वर दोन माणसें असावीं. आंतला माणूस कोसळला तर त्यास दोरानें ओढावें. कोणींहि मागोमाग उडी घेऊं नये, कारण एका विहिरींत दोन-तीन प्रेतें होतात तीं अशानेंच. बाहेर काढलेल्यास मोकळ्या हवेंत ठेवून १०८ क्रमांकास कळवावें व इंजिनाचा धूर लागला असें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें. बोटास लावण्याचें प्राणवायुमापक ह्या विषबाधेंत खोटा चांगला आंकडा दाखवितें.

राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेंत मृत शेतकऱ्याच्या वारसांस २ लाख रुपये मिळतात. त्याहून पुष्कळ कमी रकमेंत एक चांगलें चार वायूंचें यंत्र येतें. प्रत्येकानें स्वतंत्र घेण्याचें कारण नाहीं. गांवच्या संघानें एक घ्यावें, गुदामांत ठेवावें व त्याजवळ एक नोंदवही ठेवावी. तींत तारीख, शुद्ध हवेंतील आंकडा, कसोटीचा निकाल, नेणाऱ्याचें नांव व सही, असे रकाने असावे. ज्या दिवशीं कसोटीचा रकाना रिकामा असेल त्या दिवशीं यंत्र कोणाच्याहि हातीं देऊं नये. उन्हाळ्यांत विहिरींचीं कामें निघण्यापूर्वींच सभासदांनीं हा विषय सभेपुढें आणावा, अशी विनंती आहे.